१२ फुटी हॉल आणि २२ फुटी डबल हाइट: कॉर्निस किती इंची घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशकात गंगापूर रोडला नवा बंगला. हॉल २० बाय १५ फूट, छत १२ फुटांवर, मधोमध आडवा बीम, तो स्लॅबच्या खाली १२ इंच उतरलेला. हॉलला लागूनच डबल हाइट, म्हणजे दोन मजल्यांइतकं उंच डायनिंग, २२ फूट. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात कॉर्निसची पट्टी फिरवायची आहे. पीओपीवाला म्हणतो ४ इंची पट्टी बास झाली. शोरूमवाला म्हणतो एवढ्या उंचीला १० इंची पीयूच (पॉलियुरेथेनची तयार हलकी पट्टी) पाहिजे. कुणाचं ऐकायचं, आणि पीओपी घ्यायचं की पीयू?

दोघंही इंच सांगताहेत, पण कुठून कुठपर्यंतचे इंच ते कुणीच सांगत नाही. कॉर्निसची मापं तीन असतात: भिंतीवर ती किती खाली उतरते, छतावर किती पुढे येते, आणि तिरक्या तोंडाची रुंदी. पीयू आणि थर्माकोलच्या कॅटलॉगमध्ये अनेकदा तोंडाची रुंदी छापलेली असते, कारण तो आकडा सर्वांत मोठा दिसतो. ४५ अंशांत बसणारी १० इंची पीयू प्रत्यक्षात भिंतीवर ७ इंच उतरते आणि छतावर ७ इंच येते. ८ इंची म्हणाल तर साडेपाच इंचांच्या थोडी वर. पीओपीवाला मात्र ४ इंच म्हणतो तेव्हा सहसा भिंतीवरचे ४ इंच सांगत असतो. म्हणजे तुमच्यासमोरचा खरा वाद ४ आणि १० चा नाही, ४ आणि ७ चा आहे. दोन्ही दर समोर ठेवण्याआधी दोघांकडून ‘भिंतीवर किती, छतावर किती’ हे लिहून घ्या. नाहीतर तुलनाच होत नाही.

आता माप. १० ते १४ फुटांच्या खोलीसाठी सोपा हिशोब: छत जितके फूट, त्याच्या निम्मे इंच ही भिंतीवरच्या भागाची खालची मर्यादा. वरची मर्यादा फुटांना ०.६ ने गुणून. १० फुटांना ५ ते ६ इंच, १२ फुटांना ६ ते ७, १४ फुटांना ७ ते साडेआठ. हे आकडे हवेतले नाहीत. युरोपातल्या जुन्या शास्त्रीय प्रमाणात पूर्ण उंचीचे १९ भाग करत. खालचे ४ चौथऱ्याचे, मधले १२ खांबाचे आणि वरचे ३ खांबावरच्या पट्ट्याचे. त्या पट्ट्यातला कॉर्निसचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्त. १२ फुटांना हा हिशोब लावला तर साडेआठ इंचांच्या आसपास येतो. पण ते प्रमाण खांब, चौथरा, रुंद चौकटी असा सगळा सरंजाम असलेल्या दालनाचं. आपल्याकडे खाली ४ इंची टाइलचं स्कर्टिंग आणि दाराला अडीच-तीन इंचांचं आर्किट्रेव्ह, म्हणजे चौकटीभोवतीची पट्टी. त्यावर साडेआठ इंच ठेवले की खोली डोक्याने जड दिसते. म्हणून घरात खालच्या अंगाने जावं.

फक्त उंची बघितली तर तुमच्या हॉलला माझं उत्तर भिंतीवर ६ ते साडेसहा इंच. ४ इंच कमी पडतील. १२ फुटांवर ती पट्टी रंगाऱ्याने ओढलेल्या रेघेसारखी दिसेल. शोरूमची १० इंची चालून जाईल, पण स्कर्टिंग ६ इंचांचं करणार असाल तरच. फरशी अजून बसायची असेल तर तेवढा बदल आत्ताच करून घ्या. आणि हॉलची दारं ७ फुटी असतील तर दारावर ५ फूट कोरी भिंत राहते. ती उणीव कॉर्निसने कधीच भरून निघत नाही. १२ फुटी हॉलला दार ८ फुटांचं हवं.

बीमकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि सगळा हिशोब तिथेच बदलतो. बीमने तुमच्या छताचे दोन खण केले आहेत. कॉर्निस फक्त बाहेरच्या चार भिंतींवर फिरवली तर बीमला जाऊन धडकेल आणि तिथे तिचं तोंड कापून बंद करावं लागेल. ते नेहमीच अर्धवट दिसतं. योग्य पद्धत म्हणजे प्रत्येक खणात कॉर्निस पूर्ण फिरवायची, बीमच्या दोन्ही अंगांवरूनसुद्धा. त्यासाठी एक अट पाळा: कॉर्निस बीमच्या उतरणीच्या निम्म्याहून जास्त नको. तुमचा बीम १२ इंच उतरतो, म्हणजे ६ इंच नेमके बसतात आणि खाली ६ इंच मोकळा बीम राहतो. ७ इंच घेतले की बीम कॉर्निसमध्ये बुडाल्यासारखा दिसू लागतो. म्हणून १० इंची पीयूला माझा खरा विरोध बीमपायी आहे, उंचीपायी नाही. खर्चाचंही बघा. बीम नसता तर घेर ७० फूट. दोन खण धरले तर ९८ ते १०० रनिंग फूट, आणि कोपरे ४ चे ८. पीओपीवाल्याने ७० फुटांचा दर दिला असेल तर त्याने बीम मोजलेलाच नाही. काम अर्ध्यावर आल्यावर तो ते मागणारच.

फॉल्स सीलिंग करून बीम झाकायचा हा दुसरा रस्ता आहे. पण मग छत ११ फुटांच्याही खाली येतं. ज्या उंचीसाठी बांधकामात पैसे घातले तीच घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

डबल हाइटला मात्र निम्म्या इंचांचा नियम लावू नका. २२ फुटांना ११ ते १३ इंच येतील आणि घरात ते देवळाच्या सभामंडपासारखं होईल. तिथे उंचीपेक्षा डोळ्याचा कोन बघावा लागतो. हॉलमध्ये सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ४ फुटांवर आणि समोरची भिंत १२ फुटांवर असते, म्हणजे तो कॉर्निसकडे ३४ अंशांनी वर बघतो. डायनिंगमध्ये भिंतीपासून ८ फुटांवर उभा माणूस २२ फुटांवरच्या कॉर्निसकडे जवळजवळ ६५ अंशांनी वर बघतो. इतक्या तीव्र कोनातून भिंतीवरचा भाग आक्रसतो आणि छतावर पुढे आलेला भाग उघडा पडतो. हिशोबच मांडायचा तर: भिंतीवर ६ आणि छतावर ४ इंच असलेली कॉर्निस हॉलमध्ये सोफ्यावरून ७.२ इंचांइतकी भासते. तीच उलटी, भिंतीवर ४ आणि छतावर ६ अशी लावली तर ६.७. डबल हाइटमध्ये चित्र उलटतं. पहिली ६.२, दुसरी ७.१. माल तेवढाच, पण बसवण्याच्या दिशेने जवळपास एक इंचाचा फरक. म्हणून हॉलमध्ये भिंतीवर जास्त उतरणारी घ्या, आणि डबल हाइटला छतावर जास्त पुढे येणारी. अनेक तयार पट्ट्या दोन्ही बाजूंनी बसतात. नक्षी उलटी पडत नाही ना एवढं पाहायचं.

नक्षीचंही तेच. माणसाचा चांगला डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. सोफ्यापासून त्या कॉर्निसपर्यंतचं तिरकं अंतर साधारण साडेचार मीटर. तिथे ही मर्यादा सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. डायनिंगच्या २२ फुटांवर पावणेदोन मिलिमीटरच्या जवळ. पण ही नुसती ‘काहीतरी आहे’ एवढं कळण्याची मर्यादा झाली. आकार म्हणून काही वाचता यायला त्याच्या चार-पाच पट लागतं. म्हणजे हॉलमध्ये ६ मिलिमीटरपेक्षा बारीक खाच आणि डबल हाइटला ८ मिलिमीटरपेक्षा बारीक खाच ही फक्त धूळ साठवायची जागा. शोरूममध्ये पट्टी हातात घेऊन वेलबुट्टी बघताना ती सुंदरच दिसते, कारण तेव्हा ती डोळ्यांपासून दीड फुटावर असते. उंच खोलीला मोठा गलता (आत गेलेलं गोल वळण), एक ठसठशीत गोला (बाहेर आलेलं गोल वळण) आणि दोन स्वच्छ पायऱ्या एवढं पुरतं. सावली पडली पाहिजे. पायरी किमान ८ ते १० मिलिमीटर आत गेली तर सावलीची रेघ उमटते, आणि उंचावर कॉर्निस म्हणजे मुळात त्या सावलीच्याच रेघा.

२२ फुटांच्या भिंतीला एकट्या वरच्या कॉर्निसने आवरता येत नाही. ती मधे तोडावी लागते. जागा तयारच आहे: पहिल्या मजल्याच्या बीमची पातळी. तिथे ४ ते ५ इंच उंच, दीड-दोन इंच पुढे आलेला आडवा पट्टा घ्या आणि त्याची खालची धार हॉलमधल्या कॉर्निसच्या खालच्या धारेशी एका पातळीत आणा. तुमच्याकडे ती साडेअकरा फुटांवर येईल. हॉलमधून डायनिंगकडे बघताना एकच रेघ पुढे जाते. मग वर छताला भिंतीवर ५-६ आणि छतावर ७-८ इंच अशी साधी कॉर्निस पुरेशी होते. पट्ट्याचा वरचा पृष्ठभाग सपाट ठेवू नका, ४५ अंशांचा उतार द्या. तिथवर झाडू पोचत नाही आणि मार्च-एप्रिलमधली आपली धूळ सगळ्यांना माहीत आहे.

या पट्ट्याबाबत एक धोका आहे. तिथे खाली काँक्रीटचा बीम आणि वर विटांचं किंवा ब्लॉकचं बांधकाम असा सांधा असतो. दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात हलतात, म्हणून प्लास्टर करताना त्या सांध्यावर जाळी मारलेली असली पाहिजे. पट्टा दोन्हीकडे घट्ट ठोकला तर चीर पट्ट्यातून फुटते. स्क्रू फक्त बीममध्ये घ्या, वरची धार ॲक्रिलिक सीलंटने भरा.

हाच विचार वरच्या मजल्याच्या छताला आणखी काटेकोरपणे लावावा लागतो. गच्चीचा स्लॅब एप्रिल-मेच्या उन्हात तापतो आणि रात्री निवतो. काँक्रीट दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१ मिलिमीटर वाढतं. ६ मीटरच्या स्लॅबला २० अंशांचा फरक पडला की सव्वा मिलिमीटरच्या जवळपास हालचाल झाली. खालची भिंत तेवढी हलत नाही. कॉर्निस भिंतीलाही चिकटवली आणि स्लॅबलाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात वरच्या कडेला केसाएवढी चीर लांबच लांब धावते. मग घरमालक कारागिराला बोल लावतो, कारागीर पुट्टी भरून जातो, पुढच्या उन्हाळ्यात चीर परत हजर. उपाय साधा आहे. गच्चीखालच्या खोलीत कॉर्निस एकाच अंगाला पक्की करायची, शक्यतो भिंतीला. वरच्या कडेला ३ मिलिमीटर फट सोडून त्यात रंगवता येणारं ॲक्रिलिक सीलंट भरायचं. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही. तुमच्या हॉलवर खोली असेल तर एवढी काळजी नको. डबल हाइटला मात्र हवीच.

आता वस्तू. जागेवर ओढलेलं पीओपी, साच्यातलं तयार पीओपी, पीयू, थर्माकोल आणि लाकूड असे पर्याय नाशकात मिळतात.

थर्माकोलची लेप दिलेली पट्टी स्वस्त आणि हलकी. भाड्याच्या घराला ठीक. बोट लागलं तरी खळगा पडतो, आणि ऑइल पेंट किंवा थिनर असलेला चिकटा लागला की ती विरघळते. उंच हॉलला मी सुचवणार नाही. एमडीएफची पट्टी पावसाळ्यात कडांना फुगते, तीही बाजूला ठेवा.

जागेवर ओढलेलं पीओपी हे हॉलसाठी माझं पहिलं मत, फक्त कारागीर खरा असला पाहिजे. फायदा असा की सांधा नसतो, आकार हवा तो मिळतो, आणि भिंत थोडी वाकडी असली तर जागेवर सावरून घेता येते. काम असं चालतं: जिथे कॉर्निस बसणार तिथला चुना, रंग, पुट्टी खरवडून सिमेंटचं प्लास्टर उघडं करायचं आणि छिन्नीने टाचे मारायचे. रंगावर पीओपी धरत नाही. पडलेली कॉर्निस उलटी करून बघितली तर तिच्या पाठीला बहुतेक वेळा जुन्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला सापडतो. ६ इंचांची कॉर्निस भरीव करायची नसते. साधारण ८-९ इंचांवर दोन्ही अंगांना गॅल्व्हनाइज्ड स्क्रू मारून त्यांना तारेची वीण घालायची, मग काथ्या भिजवून पीओपीत बुडवून पहिला थर. साधे लोखंडी खिळे वापरू देऊ नका. ओल्या पीओपीत ते गंजतात आणि वर्षभरात पांढऱ्या रंगातून तपकिरी ठिपके येतात. दुसऱ्या थराने अंग भरायचं आणि मग कॉर्निसच्या आकारात कापलेला पत्र्याचा फर्मा भिंतीवर ठोकलेल्या सरळ पट्टीवरून सरकवत आकार ओढायचा. शेवटचा हात पातळ पीओपीचा, एका दमात, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे थांबलं की लाट राहते, आणि संध्याकाळी दिवा लागला की ती उठून दिसते.

पीओपी पाण्यात टाकायचं, पाणी पीओपीत नव्हे. मिनिट-दोन मिनिटं भिजू द्यायचं आणि मगच ढवळायचं. एका वेळी दहा-बारा मिनिटांत संपेल तेवढंच कालवायचं. आवळायला लागलेल्या मालात परत पाणी घालून तो मऊ करणारा कारागीर दिसला की काम थांबवा. तो माल वाळल्यावर नखाने उकरतो. पोतं ताजं हवं. ओलावा लागलेलं पोतं कधी लगेच आवळतं, कधी नीट आवळतच नाही. घट्टपणा यावा म्हणून मूठभर सिमेंट घालायची खोडही काहींना असते. सिमेंट आणि जिप्सम ओलाव्यात एकत्र आले की एट्रिंगाइटचे स्फटिक तयार होतात, ते फुगतात आणि कॉर्निस आतून ढकलली जाते. याच कारणाने नवं सिमेंट प्लास्टर पाणी मारून पक्कं झालं आणि नंतर पूर्ण वाळलं की मगच त्यावर पीओपी.

साच्यातल्या तयार पीओपीच्या तुकड्याचं वजन आधीच हिशोबात घ्या. तोंड ११ इंच आणि जाडी १५ मिलिमीटर धरली तर मीटरला साडेचार किलोच्या आसपास. ८ फुटी तुकडा ११ किलोंचा. नुसत्या चिकट्यावर तो लावायचा नसतो. दर दीड फुटाला प्लग आणि स्क्रू. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची असेल तर साधा प्लग त्यात नुसता फिरतो, ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लगच लागतो. ड्रिल हॅमरवर न ठेवता नुसतं फिरवून भोक पाडायचं.

डबल हाइटला मी पीयू घेईन. कारण वजन. २२ फुटांवर काही सुटलं तर काय पडतं हा पहिला प्रश्न. शिवाय पीयू ओलाव्याने विरघळत नाही, उलट जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं आणि गळती लागली की पीओपीची कॉर्निस काही पावसाळ्यांत ठिसूळ होते. पीयूची दुखणी सांध्यांत असतात. ८ फुटी तुकडे असतात आणि दर सांध्यात त्याच कंपनीचा सांध्याचा चिकटा भरावाच लागतो. कारागीर तो वाचवून पुट्टी भरतो. पीयू गरमीत वाढते, पुट्टी वाढत नाही, चीर दिसते. चिकटा दोन्ही कडांना सलग, आणि वाळेपर्यंत आधाराला दर १६ ते २४ इंचांवर बारीक खिळा. खिडकीच्या उन्हात न रंगवलेली पीयू पिवळी पडते, म्हणून लावल्यावर महिनोन्महिने प्रायमरवर ठेवू नका. ती जळते हेही ध्यानात असू द्या; देवघराच्या समईच्या थेट वर किंवा गरम होणाऱ्या दिव्याला खेटून नको.

तुकड्यांचा हिशोब. बीम नसलेल्या २० बाय १५ च्या खोलीला ७० फूट, म्हणजे ८ फुटी ९ तुकडे असं कुणी म्हणेल. चूक. २० फुटी भिंतीला दोन पूर्ण आणि एक ४ फुटी, १५ फुटीला एक पूर्ण आणि एक ७ फुटी. एका ८ फुटी तुकड्यातून ४-४ चे दोन मिळत नाहीत, कारण कोपऱ्याच्या तिरक्या कापात आणि करवतीत काही जातं. १० तुकडे लागतात आणि एक नमुन्याला. तुमच्या दोन खणांसाठी प्रत्येक भिंतीचा असाच कागदावर नकाशा काढा आणि ८ फुटांचा सांधा समोरच्या मुख्य भिंतीच्या मधोमध येणार नाही असं मांडा.

कोपरे कापताना ४५ अंशांत बसणारी पट्टी कॉर्निससाठी बनवलेल्या मायटर बॉक्समध्ये (कोनात कापण्यासाठी खाचा असलेल्या खोक्यात) उलटी धरतात: छताला लागणारी कड बॉक्सच्या तळाला, भिंतीला लागणारी कड उभ्या फळीला. मग साधा ४५ चा काप चालतो. पट्टी आडवी टाकून मशिनवर कापायची असेल तर ४५ अंशांच्या पट्टीला मायटर (पातं आडवं किती वळवायचं) ३५.३ आणि बेव्हल (पातं किती झुकवायचं) ३०. भिंतीशी ३८ अंशांचा कोन करणाऱ्या पट्टीला मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९. हे आकडे काटकोनी कोपऱ्याचे. आपल्या भिंती काटकोनी असतातच असं नाही, म्हणून आधी ३-४-५ ने तपासा: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, तिरकं अंतर ५ फूट आलं पाहिजे. अर्धा इंच इकडे-तिकडे असेल तर टाकाऊ तुकड्यांवर काप जुळवून मगच चांगल्या तुकड्याला हात लावायचा.

पातळीचंही आधी बघा. स्लॅब २० फुटांत अर्धा-पाऊण इंच वरखाली असणं नवीन नाही. लेझरने किंवा पाण्याच्या नळीने छताचा सर्वांत खाली आलेला बिंदू शोधायचा आणि कॉर्निसची खालची रेघ तिथून मोजून चारी भिंतींवर पातळीत मारायची. वर पडणारी फट ६ मिलिमीटरपर्यंत असेल तर पीओपीने भरता येते. त्याहून जास्त असेल तर आधी छतालाच पीओपी पनिंग, म्हणजे पीओपीचा सपाट लेप देऊन पातळीत आणा. कॉर्निस छताबरोबर वाकवत नेली तर बीमच्या सरळ धारेशेजारी तिची लाट लगेच कळते.

कॉर्निसमागे एलईडी पट्टी लपवायची असेल तर कॉर्निस छताला न लावता खाली उतरवून लावावी लागते. ४-५ इंच खाली ठेवली तर भिंतीलगत एक भगभगीत पट्टा पडतो आणि मधलं छत काळंच राहतं. १२ फुटांच्या हॉलला ८ ते १० इंच खाली घ्या. एलईडीला वीज देणारा ड्रायव्हर हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवा, कॉर्निसच्या आत नाही. डबल हाइटला हा प्रकार करूच नका. धूळ, मेलेले किडे आणि पाली यांचा तो पोटमाळा होतो, आणि दिवा गेला की बदलायला परांची बांधावी लागते.

पडद्यासाठी छतात खोबण ठेवणार असाल तर कॉर्निस खिडकीवर सरळ नेऊ नका. खोबणीच्या पुढच्या पडदीवरून फिरवा, आणि खोबण ६ ते ८ इंच रुंद ठेवा, नाहीतर दुहेरी पडदे कॉर्निसच्या पाठीला घासतात.

जुन्या नाशकातल्या वाड्यात किंवा देवळालीच्या कौलारू बंगल्यात लाकडी छताखाली हेच करायचं असेल तर पीओपीचा विचार सोडा. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, आणि चुना-मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाही. तिथे सागाची अडीच-तीन इंची साधी पट्टी छताच्या लाकडालाच स्क्रूने पक्की करायची, भिंतीकडची कड भिंतीच्या वळणाप्रमाणे तासून बसवायची आणि भिंतीला जोडायची नाही. आधी वाळवीचा बंदोबस्त.

पैसे आखडते असतील तर १२ फुटांसाठी एक जुगाड खरोखर चांगला दिसतो. ४ इंची कॉर्निस, तिच्या खाली ३ इंच मोकळी भिंत, मग एक इंच रुंद आणि अर्धा इंच जाड बारीक पट्टी. कॉर्निस, मधली भिंत आणि पट्टी तिन्ही एकाच रंगात. लांबून तो ८ इंचांचा एकच भाग वाटतो. बीमवर मात्र फक्त कॉर्निस न्यायची, पट्टी नाही. ती बीमच्या सांध्याला संपते, आणि तेवढं खपून जातं.

रंग मॅटच. चकाकणाऱ्या पांढऱ्यात प्रत्येक लाट दिसते. कॉर्निसला छताचा रंग दिला तर छत थोडं खाली आल्यासारखं वाटतं, भिंतीचा दिला तर भिंत आणखी उंच. १२ फुटी हॉलला मी छताचा देईन, २२ फुटी डायनिंगला तर नक्कीच. पीओपी पूर्ण वाळल्याशिवाय रंग नाही. तळहाताला गार लागलं की आत पाणी आहे असं समजा. पावसाळ्यात याला आठवडे जातात, म्हणून शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर घ्या. त्याआधी गच्चीवर दोन इंच पाणी ७२ तास साठवून खालून छत तपासून घ्या; ओल आली तर कॉर्निसचं काम तिथेच थांबवून आधी वॉटरप्रूफिंग.

मागणी नोंदवण्याआधी पुठ्ठ्याचे किंवा नमुन्याच्या तुकड्याचे दोन-दोन फूट कोपऱ्यात आणि बीमच्या कडेला टेपने लावून बघा. सोफ्याच्या जागेवरून, मुख्य दारातून आणि जिन्याच्या मधल्या लँडिंगवरून. एकदा सकाळी, एकदा दिवे लावून. चार आणि सहा इंच शेजारी-शेजारी लावले की वाद दोन मिनिटांत मिटतो.

कारागिराशी ठरवताना कागदावर एवढं असू द्या: दर रनिंग फुटाचा आणि बीमच्या दोन्ही बाजू धरून, भिंतीवरचं आणि छतावरचं माप वेगवेगळं, कोपरे दरात की वेगळे, २२ फुटांची परांची कुणाची, पुट्टी-प्रायमर कुणाचं. डबल हाइटचं काम फरशी पॉलिश आणि जिन्याचं रेलिंग लागण्याआधी उरकून घ्या, म्हणजे रंगाऱ्याच्या पहिल्या परांचीतच रंग आणि कॉर्निस दोन्ही होतात. काम झाल्यावर पीओपीवाल्याकडून तो पत्र्याचा फर्मा मागून ठेवा आणि पीयूचे उरलेले दोन तुकडे माळ्यावर सपाट ठेवा. पुढे एसीच्या पायपासाठी कुणी भिंत फोडली की नेमका तोच आकार परत बाजारात मिळेलच असं नाही.